पहिली शॉर्ट फिल्म, मिरजेचा तंबोरा आणि आम्ही पाचजण – सल्ला पाहिजे (कॉलेज प्रोजेक्ट)

हळदीचं_पेव
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. सांगलीत मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, या सेमिस्टरला शॉर्ट फिल्म करायचीय, फिक्शनच पाहिजे आणि टायटल धरून १२ मिनिटांच्या आत. पाचजणांचा ग्रुप, सगळे मिळून पंधरा हजार कसेबसे जमतील.

मिरजेत सतारमेकर गल्लीत एका मित्राच्या ओळखीचे चाचा तंबोरे करतात, ते दुकान शूटिंगला द्यायला तयार आहेत. स्टोरी अशी की चाचांची नात पुण्यात आयटीत आहे, ती सुट्टीला येते, आजोबांची कला संपत चाललीय, मग फ्लॅशबॅकमध्ये आजोबांचं तरुणपण, मंगळवेढ्याकडं भोपळे आणायला जातात, मुंबईत मोठ्या गवयाची मैफल, आणि शेवटी नात नोकरी सोडून दुकानात बसते. नऊ पात्रं, सहा लोकेशन्स. स्क्रिप्ट २१ पानांची झालीय.

आता प्रश्न. कॅमेरा भाड्यानं घ्यावा का मोबाईलवर करावं? आवाजाचं काय करतात? मिरज जंक्शनवर एक सीन आहे, परवानगी लागते का? आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी मागं वाजवली तर चालतंय का? यूट्यूबवर टाकायचीय नंतर.

बोरकूट
आजोबा, नात, लुप्त होणारी कला, फ्लॅशबॅक, नोकरीचा राजीनामा. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात संदेश पण येणारे का? म्हणजे राहायला नको काही.
गंमत सोड. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशोब धरतात, तुझी २१ पानं १२ मिनिटांत कोंबणार कशी ते आधी सांग.

तिरफळ
बोरकूट, पोरगं पहिल्यांदा लिहितंय, जरा दमानं घ्या की.
@हळदीचं_पेव, विषय मस्त आहे, पण तुझी ही गोष्ट तीन तासांच्या सिनेमाची आहे. नऊ पात्रं म्हणजे नऊ जणांच्या तारखा, नऊ जणांचे कपडे, नऊ जणांचं जेवण. दोन करा.

मिरजकर_सध्या_दुबईत
धागा बघून राहवलं नाही, आमचं घर त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी शाळेतनं येताना त्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसून आम्ही बघत बसायचो. भोपळे टांगलेले असायचे, लाकडाचा आणि चपड्याच्या पॉलिशचा वास.

बाबा रे, 'कला संपत चालली' हे सगळ्यांनीच दाखवून झालंय, पेपरात दर दिवाळीला फोटोसकट येतं. आणि इतकं रडगाणंही नाही, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, ऑर्डरी येतात, परदेशातनंही येतात. तू त्या दुकानात प्रत्यक्ष काय घडतं ते दाखव की. जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना, बघितलंयस का कधी? नसलंस तर उद्याच जाऊन बस. तार घोडीवरनं, म्हणजे तारांखालच्या आधाराच्या पट्टीवरनं, जाते, घोडीचा माथा सपाट दिसतो पण त्याला अगदी बारीक उतार असतो, आणि तार त्या उताराला कुठं टेकते आणि कुठं सुटते यावर तो झणकार ठरतो. कारागीर कानसेनं दोन हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, परत तार उतरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो, केसभर पुढं केसभर मागं, आणि एका जागी तो आवाज एकदम उघडतो. ज्याला कळत नाही त्यालासुद्धा कळतं की आता काहीतरी झालं. हे करायला कधी दहा मिनिटं लागतात कधी अख्खा दिवस जातो, कारागिराच्याही हातात नसतं.

आता ही घे गोष्ट. गायिका आलीय, तिची रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, मुंबईत दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. तंबोरा तयार आहे पण खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेची जवारी उघडत नाहीये. चाचा म्हणतात ठेवून जा. ती म्हणते चालेल, असाच द्या, लोकांना काय कळतंय. चाचा देत नाहीत. संपली. एक खोली, दोन माणसं, दोन तास. फ्लॅशबॅक नको, नात नको.

बोरकूट
हे भारी आहे! आणि 'लोकांना काय कळतंय' हे वाक्य गायिकेच्या तोंडी आहे हे जास्त भारी. मिरजकर तुम्हीच का नाही करत?

मिरजकर_सध्या_दुबईत
नोकरी कोण करणार, तू?

रात्रपाळी
मुंबईत पोस्ट प्रॉडक्शनमध्ये साउंडला आहे, रात्री कामावरून येऊन हे वाचलं. मिरजकरांची गोष्ट घेणार असाल तर तुमची फिल्म डोळ्यांची राहिलीच नाही, कानांची झाली हे लक्षात घ्या. प्रेक्षकाला जवारी बिघडलेली आणि जमलेली यातला फरक ऐकू आला तरच फिल्म आहे, नाही तर दोन माणसं एका भांड्याकडं बघत बसलीयत असं वाटेल. त्यामुळे पंधरा हजारातला मोठा वाटा आवाजाला. स्टुडंट फिल्ममध्ये चित्र थोडं हललं तर लोक 'स्टाईल असेल' म्हणून सोडून देतात, डायलॉग ऐकू आला नाही की मोबाईल काढतात.

कॅमेऱ्यावरचा माईक फक्त पायलट ट्रॅक म्हणून, सिंक करायला. वेगळा रेकॉर्डर आणि बूमवर (लांब दांड्यावर) एक माईक भाड्यानं घ्या, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट ठेवा, बोलण्याची लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास खेळू द्या. बूम धरणारा माणूस ठरलेला पाहिजे, ज्याला काही काम नाही त्याच्या हातात दिला असं करू नका, ते सगळ्यात जबाबदारीचं काम आहे. माईक फ्रेमच्या बाहेर पण शक्य तितका तोंडाजवळ. खोलीतला पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवा म्हणजे घरी जाताना चालू करायचं विसरणार नाही, नाही तर दुसऱ्या दिवशी घरमालकाचं दूध नासतं आणि लोकेशन जातं.

प्रत्येक जागी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा, त्याला रूम टोन म्हणतात, एडिटला दोन वाक्यांच्या मधली भोकं बुजवायला तोच लागतो. आणि तंबोरा वेगळा रेकॉर्ड करा, शूटिंग संपल्यावर, फक्त चाचा आणि तुम्ही, बाकी सगळे बाहेर. बंद जवारी, अर्धवट, उघडलेली, तिन्ही. पंचम, जोड, खर्ज एकेक तार सुटी. कानसेचा आवाज, खुंटी पिळल्याचा आवाज, मणी सरकवल्याचा आवाज. इथं कंजुषी नको, तासभर बसा.
अजून एक, सांगलीकर आहात म्हणजे सेटवर भडंग येणार. रोल चालू असताना भडंगाच्या पुडीला हात लावणाऱ्याला बाहेर काढा.

चष्मिष्ट
भडंग :D :D

लेन्सकाका
मोबाईलच्या नादी लागू नका, पहिली फिल्म म्हणजे व्हिजिटिंग कार्ड असतं, चांगला मिररलेस आणि ५० एमएमची लेन्स घ्या, मागचं सगळं ब्लर, लगेच सिनेमा वाटतो.

चष्मिष्ट
काका, दहा बाय बाराच्या दुकानात ५० एमएम लावून कॅमेरावाला बसणार कुठं, गटारीत? आणि मागचं ब्लर कशाला करायचं, मागं तर भोपळे टांगलेत, तेच दाखवायचंय ना. इथे वाईड लेन्सच लागणार.
पेव, कोणाकडं बऱ्यापैकी फोन असेल तर फोनवर कर. पण आपोआप चालणारं सगळं बंद करून. एक्सपोजर लॉक, फोकस लॉक, व्हाइट बॅलन्स लॉक, नाही तर चाचांनी हात हलवला की पूर्ण फ्रेम उजळते आणि मंद होते. साधं कॅमेरा अ‍ॅप वापरू नको, ब्लॅकमॅजिकचं अ‍ॅप फुकट आहे, तुझ्या फोनवर चालत असेल तर त्यात २५ फ्रेम पक्क्या ठेव. फोन आपल्या मनानं फ्रेमरेट कमीजास्त करत राहतो आणि मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांच्या पुढंमागं सरकायला लागतो, एडिटला डोक्याला ताप. शटर १/५०. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्याच्याशी न जुळणारं काही ठेवलंस की ट्यूबलाइट फडफडताना दिसते.

लेन्सकाका
चष्मिष्ट, फोनच्या चिमुकल्या सेन्सरवर संध्याकाळचा सीन? नुसतं गाळ दिसेल. माझं म्हणणं तेच आहे.

चष्मिष्ट
हे मात्र बरोबर, मान्य. म्हणूनच आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवायचा नाही, उजेड वाढवायचा. दुकानात दिवाच लावायचा ना, मग तो दिवा फ्रेममध्ये ठेवा, बल्ब जरा मोठा लावा, समोरून थर्माकोलची शीट धरून तोंडावर उजेड परतवा. थर्माकोल स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. दाराबाहेरून एखादा एलईडी, त्याच्यावर पातळ पांढरं कापड. संपला विषय.

जुना_जाणता
तुम्हा लोकांची चंगळ आहे. आमच्या वेळी फिल्मचा कच्चा माल मोजून मिळायचा, ४०० फुटांचं मॅगझिन ३५ एमएमला साडेचार मिनिटांच्या आत संपायचं. कॅमेरा चालू करायच्या आधी चार तालमी व्हायच्या, कारण प्रत्येक सेकंदाला पैसे. आता कार्ड भरेपर्यंत नुसतं रोल करत बसतात आणि एडिटला चाळीस टेकमधला कुठला चांगला तेच कळत नाही. माझं ऐका, स्वतःवर बंधन घाला, एका शॉटला चार टेकच्या वर नाही. दिग्दर्शकाची तयारी आपोआप वाढते.

आणि शॉट डिव्हिजन कागदावर पाहिजे. मास्टर (अख्खा सीन दिसणारा शॉट) कुठला, क्लोज कुठले, हातांचे कटअवे (मध्येच जोडायचे शॉट) कुठले. दोन माणसं समोरासमोर बसलीयत म्हणजे त्यांच्यामध्ये एक रेघ धरा आणि कॅमेरा कायम रेघेच्या एकाच बाजूला ठेवा, नाही तर कट केल्यावर दोघंही एकाच दिशेला बघतायत असं दिसतं. जवारीच्या हातांचे क्लोजप भरपूर घ्या, संवाद कापावे लागले की तिथं तेच वाचवतात.

फाळक्यांनीसुद्धा 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम करत टिपलं होतं. गुंतवायला पैसे पाहिजे होते, लोकांना दाखवायला हातात काहीतरी हवं होतं. एक कुंडी, एक कॅमेरा. नऊ पात्रं नव्हती.

बोरकूट
जाणतेंनी शेवटी टोला हाणलाच :)

हळदीचं_पेव
बापरे, दोन दिवस परीक्षा होती आणि इथं एवढं सगळं. आज सकाळी चाचांकडं जाऊन चार तास बसलो, मिरजकर म्हणाले ते खरंय, मला आधी जवारी म्हणजे काय तेच नीट कळलं नव्हतं. चाचा एका वेळी हसून म्हणाले "बंद आवाज अच्छा नहीं, खुला भी जादा अच्छा नहीं". ते वाक्य स्क्रिप्टमध्ये घेतलंय, त्यांना विचारून. ग्रुपमध्ये लई भांडणं झाली कारण नातीचा रोल आमच्यातलीच एक मैत्रीण करणार होती, ती आता गायिका करणार, मिटलं. नवीन स्क्रिप्ट ९ पानं.
आता प्रश्न असा की चाचांचा रोल चाचांनीच करावा का नटाकडून करून घ्यावा? सांगलीत नाटकवाले भरपूर आहेत, एक काका तयार पण आहेत.

अटकमटक
सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांचं गाव, नट मिळणारच. पण स्टेजवरच्या माणसाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते, कॅमेरा दीड हातावर असताना तो तसाच बोलला की घरात भाषण चालल्यासारखं वाटतं. आणि हात कोणाचे दाखवणार? कानस धरलेला हात खोटा लगेच ओळखू येतो.
चाचांनाच घ्या. त्यांना संवाद पाठ करायला लावू नका, सीनमध्ये काय झालंय ते सांगा आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या. गायिकेला मात्र सगळं पाठ पाहिजे, म्हणजे ते कुठंही भरकटले तरी ती सीन परत जागेवर आणेल.

तिरफळ
+१. आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. चाचांचं दुकान तुम्ही दोन दिवस अडवणार म्हणजे त्यांची दोन दिवसांची रोजी बुडणार. 'त्यांनी फुकट दिलंय' असं म्हणून मोकळे होऊ नका, बजेटमध्ये त्यांचे पैसे पहिल्या ओळीत लिहा आणि शूटिंगच्या आधी द्या. त्यांचा चेहरा, दुकान वापरायची लेखी संमती पण घ्या, साधं एक पान, त्यांना वाचता येईल अशा भाषेत. फेस्टिवलला पाठवताना मागतात.

शेवपाव
परवानगीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रेल्वे स्टेशनवर शूटिंग करायला रेल्वेची लेखी परवानगी लागते, प्लॅटफॉर्म तिकीट काढून ट्रायपॉड लावला की आरपीएफवाले येणार हे नक्की. सीन काढूनच टाका, गाडीची शिटी दुकानात ऐकू आली की पुरे. गल्लीत बाहेरचा एखादा शॉट असेल तर पोलीस ठाण्यात कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज देऊन ठेवा, आणि शेजारच्या दुकानदारांना आदल्या दिवशी जाऊन भेटा, चहा पाजा. शेजारी कानस चालू असेल तर तुमच्या साउंडवाल्याचं काय होईल विचार करा. दर्ग्याच्या उरुसाचे दिवस असतील तर तारीख पुढं ढकला, त्या दिवसांत मिरजेत शांतता मिळणं अशक्य.

रात्रपाळी
ठुमरीचं राहिलंच. आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेल्या मूळ तबकड्या त्या हिशोबानं मोकळ्या झाल्यात. पण यूट्यूबची यंत्रणा कायदा बघत नाही, एखाद्या कंपनीनं ते रेकॉर्डिंग आपल्या नावानं चढवलेलं असेल तर क्लेम येतो आणि मग वाद घालत बसा. परदेशी फेस्टिवलला त्यांच्याकडचे नियम वेगळे. त्यापेक्षा मला सांगा, ठुमरी पाहिजेच कशाला? अख्ख्या फिल्ममध्ये सूर लागत नाहीये हेच तर टेन्शन आहे, आणि तू मागं जगातला सगळ्यात सुरेल माणूस लावून बसणार. काहीच संगीत नको. शेवटी तंबोरा वाजतो तेच संगीत.

मिरजकर_सध्या_दुबईत
हे वाचून अंगावर काटा आला राव. रात्रपाळी, तुमच्या हातात हात.

लेन्सकाका
संगीत अजिबातच नाही? परीक्षकांना कोरडं वाटेल. निदान टायटलला तरी.

बोरकूट
काका, टायटलला कानस वाजू द्या.

हळदीचं_पेव
मंडळी, शूटिंग झालं!!! दोन दिवसांचं होतं, तीन लागले. पहिल्या दिवशी साडेपाचला लाइट गेली ती आठला आली, पण चाचा काय थांबायला तयार नाहीत, मेणबत्ती लावून काम करत बसले, म्हणाले मला कानानं काम करायचंय. चष्मिष्टनी सांगितलेलं थर्माकोल मेणबत्तीच्या बाजूला धरून दोन शॉट घेतले, थोडे कण दिसतायत पण सगळ्यात चांगले तेच आलेत. आता गोष्टीतपण लाइट जाते असं केलंय, एक ओळ डबिंगमध्ये टाकायची.
लाइट नसल्यामुळं पंखे, मोटरी सगळं बंद, गल्ली एकदम शांत, रूम टोन असा मिळालाय की बास. तंबोरा तेव्हाच रेकॉर्ड केला, तासाच्या वर.
फुटेज दोन हार्डडिस्कवर आणि एक कॉपी मैत्रिणीच्या घरी. डाविंचीच्या फुकट व्हर्जनवर एडिट करायलोय, कॉलेजचा कॉम्प्युटर रडतोय, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून घेतल्यावर चालायला लागला. रफ कट १६ मिनिटं झालाय. काय कापू कळत नाही, सगळंच आवडतंय.

जुना_जाणता
सगळं आवडतंय म्हणजे अजून प्रेक्षक झाला नाहीस, दिग्दर्शकच आहेस. चार दिवस बघू नकोस. मग ज्याला गोष्ट माहीत नाही अशा कोणाला तरी दाखव आणि फिल्मकडं न बघता त्याच्याकडं बघ. तो जिथं हलतो, खाजवतो, घड्याळ बघतो तिथं कात्री. सुरुवात कुठून आहे?

हळदीचं_पेव
गायिका रिक्षातून उतरते, गल्लीतून चालत येते, पाटी वाचते, दुकानात येते, नमस्कार, चहा, मग तंबोरा.

जुना_जाणता
तंबोऱ्यापासून सुरू कर. तिच्या पायाशी बॅग दिसली की ती प्रवासाला निघालीय हे कळतं. चहा नंतर कधीतरी गार झालेला दिसू दे. अडीच तीन मिनिटं इथंच गेली.

अटकमटक
आणि शेवट? ती तंबोरा घेऊन जाते का ठेवून?

हळदीचं_पेव
यावरच ग्रुपमध्ये फूट पडलीय. दोन शेवट शूट केलेत. एकात जवारी उघडते आणि ती घेऊन पळत जाते. दुसऱ्यात गाडीची शिटी ऐकू येते, ती उठत नाही, चाचा परत तार उतरवतात. आमच्या मॅडमना पहिला आवडलाय.

बोरकूट
दुसरा. डोळे झाकून दुसरा.

तिरफळ
मला पहिला बरा वाटतो, दोन तास ताणल्यावर तो आवाज ऐकायला नाही मिळाला तर मी चिडेन.

मिरजकर_सध्या_दुबईत
चाचांना विचारलंस का?

हळदीचं_पेव
विचारलं. म्हणाले गाडी दुसऱ्या दिवशीपण असते.

बोरकूट
घ्या. मॅडमना हेच सांग.

रात्रपाळी
दुसरा घेणार असशील तर शिटीनंतर तार उतरवल्यावर लगेच कट करू नकोस, कानसेचे दोन हात ऐकू येऊ देत, मग काळं कर, आणि टायटल चालू असताना उघडलेल्या खर्जाचा आवाज आण. तिरफळ यांचीही सोय होईल. एडिट लॉक झालं, म्हणजे आता काही कापायचं-जोडायचं राहिलं नाही, की मला कळव, पुढच्या आठवड्यात दोन रात्री मोकळ्या आहेत, मिक्स करून देतो, पैसे नकोत. फक्त सगळं एका फाईलमध्ये कालवून पाठवू नको. डायलॉग, तंबोरा, रूम टोन आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेव, सुरुवातीला सिंक जुळवायला एक बीप ठेव, आणि सोबत चित्राची हलकी फाईल, वर टाइमकोड दिसेल अशी. सबटायटल एडिट लॉक झाल्यावरच करायला घे, आधी केलीस तर सगळी परत सरकवत बसशील. चाचांचं ते हिंदी वाक्य आहे तसं राहू दे, त्याखाली मराठी दे.

हळदीचं_पेव
दादा काय बोलू, खरंच थँक्यू. रविवारपर्यंत लॉक करतो. भडंग कुरिअर करू का?

रात्रपाळी
कर. मिक्स झाल्यावर पोचेल असं बघ.